कॉम्प्युटर लावायचा क्रम

"दोन वाजता कंटेनर हलला पाहिजे, पोरी," अण्णा मगदूम माझ्या खोलीच्या दारात उभे राहून म्हणाले. "तुझा प्रिंटर काय म्हणतोय?"

प्रिंटर काहीच म्हणत नव्हता. त्याच्या पोटात कागद होता, शाई होती, पुढे हिरवा दिवाही लागलेला होता. मी छापायला सांगितलं की कॉम्प्युटर म्हणायचा, पाठवलं; आणि प्रिंटर ढिम्म. साडेदहा वाजून गेले होते आणि सकाळपासून एक कागद बाहेर आला नव्हता.

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची, फेब्रुवारीअखेरची. सांगली जिल्ह्यात आमच्याकडच्या द्राक्ष बागायतदारांनी मिळून एक संघ काढला होता. अण्णा त्याचे अध्यक्ष. माळावर पॅकहाऊस, शेजारी कोल्ड स्टोरेज आणि त्याला चिकटून तीन खोल्यांचं ऑफिस. कॉम्प्युटरची सगळी कामं माझ्याकडे. परदेशी जाणाऱ्या मालाच्या प्रत्येक पॅलेटला, म्हणजे फळीवर रचलेल्या पेट्यांच्या थप्पीला, चारी बाजूंनी लेबल लागायचं: कुणाची बाग, कुठल्या दिवशीची तोड, वजन किती. लेबलाशिवाय कंटेनरचं दार बंद करून सील मारत नसत. त्या दिवशी वीस पॅलेट तयार होते, म्हणजे ऐंशी लेबलं. बोट दुसऱ्या दिवशीची होती. ती चुकली तर पुढची आठ दिवसांनी, आणि पिकलेलं द्राक्ष काही आठ दिवस कुणासाठी थांबत नाही.

त्यातून माझी मान अडकलेली. आधीच्या वर्षी कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस आला आणि ऐन हंगामात सगळ्या याद्या खाऊन गेला. तेव्हा मीच पुढे होऊन चारही कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम घातली होती. सेक्रेटरी शेटे साहेबांना ते पसंत नव्हतं. पडद्यावरचा लिनक्सचा पेंग्विन बघून त्यांच्या कपाळाला आठी पडायची. "फुकट मिळतं त्यात काहीतरी खोट असणारच," हे त्यांचं मत. अण्णांनी मधला मार्ग काढला होता. ते म्हणाले होते, "हंगामभर चालू दे. पण एकदा जरी माल अडकला, तर ते पाखरू आणि तू, दोघंही दुसरीकडं घर बघा." अण्णा हसत बोलायचे, पण बोललेलं करायचे.

लेबलं गावातल्या डीटीपीवाल्याकडून आणावीत, तर बुधवार. गावात दुपारी तीनपर्यंत भारनियमन. जनरेटर होता तो आमच्याकडेच. प्रिंटर वायरीने सरळ माझ्या कॉम्प्युटरला जोडावा, तर ती वायर प्रिंटरच्या खोक्यात आलेलीच नव्हती. तो नेटवर्कवरून चालायचा. भिंतीवर एक निळा डबा होता, त्यातून सगळ्या मशिनांना वायरी गेल्या होत्या आणि प्रत्येक मशिनाला तो डबा एक नंबर द्यायचा. प्रिंटरचा नंबर एकशे दोन. लिनक्स घातलं त्या दिवशी मी तो नंबर जुन्या विंडोजमधून बघून घेतला आणि चारही कॉम्प्युटरवर टाकला. तेव्हापासून तक्रार म्हणून नव्हती.

खरं सांगायचं तर त्या दिवशी माझं डोकं सकाळीच फिरलेलं होतं. नऊ वाजून पाच मिनिटांनी मी आले तर माझा कॉम्प्युटर बंद. दोन वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तो जुना होता, चालू व्हायला चांगली आठ मिनिटं घ्यायचा, पण मी येईपर्यंत रोज तयार असायचा. आमचे शिपाई हणमंतमामा सकाळी लावून ठेवतात म्हणून मी दोन दिवाळ्या त्यांना चिवड्याची भलीमोठी पिशवी दिली होती. आज मामा विसरले म्हणून मी त्यांच्यावर उगाच तोंडसुख घेतलं. मामा बिचारे "आता लावा की" म्हणाले आणि झाडू घेऊन गेले.

दुसरं एक कारण होतं. पॅकहाऊसचा सुपरवायझर त्या दिवशी रजेवर होता. त्याचं नाव धैर्यशील खराडे. नाव एवढं भारदस्त, आणि बोलणं दिवसाला मोजून दहा शब्द. माल चढवण्याच्या दिवशी सुपरवायझरने रजा घ्यावी, याचा मला संताप आला होता. आदल्या संध्याकाळी तो दाराशी येऊन म्हणाला होता, "उद्या मी नाही. कवठ्याला जायचंय."

"काय काम?"

"बघायला."

"काय बघायला?"

"मुलगी."

"बघा बघा," मी म्हणाले, "नीट बघा. उजेडात बघा." तो मान हलवून निघून गेला. मी त्यानंतर एक यादी तीनदा चुकवली.

तर प्रिंटर. पहिला उपाय म्हणून मी एकशे दोन नंबरला हाक मारून बघितली. तशी एक कमांड असते: अमुक नंबरवर कुणी आहे का, असं विचारायचं, आणि तिथलं मशीन जिवंत असेल तर लगेच ओ देतं. एकशे दोनने ओ दिली. म्हणजे प्रिंटर जागेवर होता, वायर शाबूत होती. मग दोष माझ्या लिनक्समध्ये. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

पुढचा तासभर मी काय काय केलं ते सगळं सांगत बसत नाही. अडकलेली कामं पुसली. छपाई सांभाळणारी सेवा बंद करून पुन्हा चालू केली. प्रिंटर यादीतून काढून टाकला आणि नव्याने घातला. दर वेळी कॉम्प्युटर म्हणे, पाठवलं. दर वेळी एकशे दोनला हाक मारली की ओ यायची. आणि कागद म्हणून हलत नव्हता.

शेटे साहेब दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत येत होते. "पाखरू उडालं का?" त्यांनी विचारलं.

"साहेब, तुम्ही जरा पॅलेट मोजून येता का?"

"वीस आहेत. सकाळपासून वीसच आहेत."

शेवटी साडेअकराला मी वैतागून प्रिंटरची वायर मागून उपसून काढली. आता निदान कॉम्प्युटरने तरी कबूल करावं की पलीकडे कुणी नाही. एकशे दोनला हाक मारली.

ओ आली.

मी वायरीकडे बघितलं. ती माझ्या हातात होती. पुन्हा हाक मारली. पुन्हा ओ.

"मामा," मी म्हणाले, "इकडं या. प्रिंटरची वायर माझ्या हातात आहे, मग बोलतंय कोण?"

हणमंतमामांनी आधी प्रिंटरकडे आणि मग छताकडे बघितलं. "मॅडम, ह्या जाग्यावर आधी हीर होती," ते हळूच म्हणाले. "बुजवलीय ती."

विहिरीतलं भूत नेटवर्कवर यायला माझी तयारी नव्हती. मी निळ्या डब्यातल्या वायरी एकेक करून काढायला लागले आणि मामांना पडद्यासमोर बसवलं. ओळी येतात तोवर "हाय" म्हणायचं, थांबल्या की "न्हाई". पहिली वायर काढली. "हाय." दुसरी काढली. "न्हाई."

दुसरी वायर शेटे साहेबांच्या खोलीत जात होती.

"साहेब, प्रिंटरचा नंबर तुमच्या कॉम्प्युटरकडे गेलाय," मी त्यांना सांगितलं.

"मी कशाला घेऊ त्याचा नंबर?" शेटे साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी सकाळपासून पत्त्यांना, आपलं, पत्रांना हात लावला नाही."

अण्णा हसले. शेटे साहेबांचा पत्त्यांचा खेळ सगळ्या ऑफिसला माहीत होता.

मला मात्र आता डब्याचा कारभार कळला. तो नंबर कायमचे देतच नव्हता. रोज संध्याकाळी अण्णांच्या हुकमाने मामा ऑफिसचा मेन स्विच पाडायचे, त्यामुळे डबा रात्रीत सगळं विसरायचा. सकाळी जो पहिला येईल त्याला पहिला नंबर, दुसऱ्याला दुसरा. आजवर प्रिंटर रोज ठरावीक पाळीलाच लागत होता, म्हणून त्याला रोज एकशे दोन मिळत होता. आज पाळी बदलली आणि त्याचा नंबर शेटे साहेबांना गेला. माझी लेबलं सकाळपासून शेटे साहेबांच्या कॉम्प्युटरच्या दारावर धडका देत होती. चूक लिनक्सची नव्हती. प्रिंटरला नंबर बांधून द्यायचा सोडून मी दिसला तो लिहून मोकळी झाले होते. चूक शंभर टक्के माझी होती.

"मग आता?" अण्णांनी विचारलं. बारा वाजले होते.

"प्रिंटरचा आजचा नंबर बघायची सोय मला ठाऊक नाही. सगळं बंद करून रोजच्या पाळीने पुन्हा लावायचं. मामा, तुम्ही रोज कसं लावता?"

"मानापरमानं की," मामा म्हणाले. "आधी अण्णा, मग शेटे सायेब, मग तुम्ही, मग वजनकाट्यावरचा. प्रिंटर शेवटाला."

आम्ही सगळं बंद केलं. काढलेल्या वायरी जोडल्या, डबा चालू केला. आता अण्णांचं मशीन लावायचं, तर अण्णा म्हणाले, "शेटे, आज तुमचा आधी लावा. माझ्यामुळं अडायला नको." शेटे साहेब म्हणाले, "छे छे, अध्यक्षांच्या आधी माझा? लोक काय म्हणतील?" अण्णा म्हणाले, "लोक कुठं आहेत हितं?" शेटे साहेब म्हणाले, "हणमंत आहे की." या मानापमानात सात मिनिटं गेली. मी दात ओठ खात उभी होते. शेवटी अण्णांचाच आधी लागला, मग शेटे साहेबांचा, आणि एकशे दोन नंबर पुन्हा शेटे साहेबांना. माझा कॉम्प्युटर आपली आठ मिनिटं घेऊन उठला आणि प्रिंटर तसाच ढिम्म राहिला.

बारा पस्तीस. बाहेर कंटेनरचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून आपण जिवंत असल्याचं कळवत होता. दर प्रयोगाला वीस मिनिटं जात होती, म्हणजे जेमतेम आणखी एक प्रयोग, आणि त्यानंतर ऐंशी लेबलं छापून चिकटवायची. डबा मोजायला एकशे एकपासून लागतो की आणखी कुठून, तेही मला ठाऊक नव्हतं. अंदाजाने कामं करायची वेळ गेली होती.

"मामा, नीट आठवा. रोज हेच करता?"

मामा खांबाला टेकले. "रोज मी कुठं लावतो? आजच लावली. काल खराडे सायेब म्हणाले, उद्या तेवढी मशिनं लावा, म्हणून."

"म्हणजे रोज कोण लावतं?"

"त्येच की. आठला येत्यात, कोल्ड स्टोरेज बघत्यात आणि मग हितं येऊन मशिनं लावत्यात."

"पण माझा तर तुम्ही लावता."

"मी?" मामा म्हणाले. "मला त्येचं बटन कुठं हाय ते बी ठावं न्हाई. म्हणून तर आज तुमचा ऱ्हायला."

"मग चिवडा?"

"तुम्ही मायेनं दिला," मामा म्हणाले, "मी घेतला."

माझ्या डोक्यात काहीतरी हललं, पण त्याच्याकडे बघायला वेळ नव्हता. मी मोबाईल उचलला. "बघायच्या कार्यक्रमात फोन करायचा?" शेटे साहेबांनी विचारलं. "बरं दिसतं का ते?" अण्णा म्हणाले, "करू दे. आणि आवाज मोठा कर, मला पण ऐकू दे." मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

पहिल्याच रिंगला उचलला.

"बोला मॅडम. गेला का कंटेनर?"

"नाही गेला. प्रिंटर अडलाय. सकाळी ऑफिसातली मशिनं तुम्ही लावता?"

पलीकडून बशीत चमचा ठेवल्याचा आवाज आला.

"खराडे?"

"व्हय," तो म्हणाला. "लावतो."

"कुठल्या क्रमाने लावता ते सांगा. बरोबर सांगा, चुकून चालणार नाही."

मागून कुणी वयस्कर माणूस म्हणाला, "ऑफिसचं काम हाय व्हय? बोला बोला, निवांत बोला. आम्ही हाय हितंच." म्हणजे तो बैठकीतच बसलेला होता, सगळ्यांसमोर.

"आधी डबा," धैर्यशील म्हणाला.

"बरं. मग?"

"मग तुमचा."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. शेटे साहेबांनी चष्मा काढला. खरं म्हणजे मला एवढं पुरे होतं, पुढचं विचारायचं होतं, प्रिंटर कितवा ते. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "माझा आधी का?"

"तो सावकाश उठतो. तुम्ही नऊ पाचला येता. आल्यावर बसून राहायला लागतं तुम्हाला." तो थांबला. मग सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवल्यासारखा म्हणाला, "म्हणून आधी तुमचा."

"मग?" मी विचारलं.

"मग प्रिंटर. त्याला तापायला वेळ लागतो. तुम्ही बसल्या बसल्या पहिला कोल्ड स्टोरेजचा तक्ता छापता. मग शेटे साहेबांचा. मग काट्यावरचा. मग अण्णांचा."

"माझा शेवटी व्हय रं?" अण्णा टेबलावर वाकून ओरडले.

"अण्णा, तुम्ही एरवी अकराला येता."

अण्णा पुन्हा सरळ उभे राहिले. मी विचारलं, "हे कधीपासून?" याचा प्रिंटरशी काडीचाही संबंध नव्हता, आणि हे तिथल्या चौघांनाही कळत होतं.

"दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "तुम्ही आला तेव्हापासून."

आजवर दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस. तो हे सगळं मुलीकडच्यांसमोर, पोह्यांची बशी हातात धरून बोलला होता. मला कळलं की सकाळपासून मी ज्याला राग म्हणत होते तो राग नव्हता. त्या क्षणी कवठ्याच्या कुठल्यातरी घरात एक मुलगी पदर सावरून त्याच्यासमोर बसली असेल, आणि मला तिचा एवढा हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. शेटे साहेब खिडकीबाहेर बघायला लागले.

"मॅडम, वेळ जातोय," फोनमधून आवाज आला. "लावून बघा. मी थांबतो."

आम्ही सगळं बंद केलं. डबा लावला. मग माझा. आठ मिनिटांनी तो उठला. माझ्याने राहवेना म्हणून मी पडद्यावर नंबर बघितला. एकशे एक. मग प्रिंटर लावला. त्याने नेहमीसारखं घरघर केलं, हिरवा दिवा लागला. मी छापायला सांगितलं.

पहिलं लेबल बाहेर आलं. बागेचा नंबर, तोड, वजन, सगळं जागच्या जागी. मामांनी ते उचलून कपाळाला लावलं आणि पळत पॅकहाऊसकडे गेले. मागोमाग दुसरं, तिसरं. शेटे साहेब स्वतः कोट काढून लेबलं चिकटवायला गेले, हे मी त्याआधी किंवा त्यानंतर कधी बघितलं नाही.

फोन अजून चालू होता. मी स्पीकर बंद केला आणि व्हरांड्यात गेले.

"निघाली लेबलं," मी म्हणाले.

"ऐकू आलं मला. बरं झालं."

"परत कधी येताय?"

"संध्याकाळी गावात येतो. घरी जाईन." जरा थांबून त्याने विचारलं, "का?"

माझ्या आजीने मला लहानपणीच सांगितलं होतं, पोरीच्या जातीने जीभ सांभाळावी. ती मी आयुष्यात कधी सांभाळली नव्हती. नेमकी त्याच दिवशी सांभाळली असती तर मी मूर्ख ठरले असते. "उद्या सकाळी माझा कॉम्प्युटर कोण लावणार?" मी विचारलं. "आणि परवा? आणि त्यानंतर? तुमचं तिकडं ठरलं, तर कसं करायचं?"

पलीकडे खुर्ची सरकली, आणि तो बाहेर आल्यासारखा वारा ऐकू आला.

"मीच लावणार की," तो म्हणाला.

कंटेनर दोनला दहा कमी असताना हलला. अण्णांनी मागच्या चाकाखाली नारळ फोडला आणि मला म्हणाले, "तुझं पाखरू राहू दे." बस, एवढंच. शेटे साहेबांनी त्यानंतर लिनक्सला नावं ठेवणं बंद केलं आणि त्यात पत्त्यांचा खेळ कुठे असतो ते मला विचारलं.

चारच्या सुमाराला अण्णांना कवठ्याहून फोन आला. स्थळ त्यांच्याच ओळखीचं होतं. मुलीचे वडील जरा घुश्शात होते, पण मुलगी आतल्या खोलीत पोट धरून हसत होती म्हणे. तिचं नाव प्रणोती. ती कॉमर्स शिकत होती आणि तिने वडिलांना स्पष्ट सांगितलं होतं, "मुलगा चांगला आहे बाबा, नाव ठेवायला जागा नाही. पण त्याच्याकडं माझा नंबर दुसरा लागेल, आणि मला पहिला पाहिजे." हे अण्णांनी मला शब्दन् शब्द सांगितलं आणि मग विचारलं, "तुझा बाप संध्याकाळी घरी असतो का?" प्रणोतीला पुढे जयसिंगपूरचं स्थळ मिळालं. आमच्या लग्नात ती नवऱ्याला घेऊन आली होती आणि सगळ्यात जास्त तिनेच जेवणावर ताव मारला.

दुसऱ्या दिवशी मी आधी प्रिंटरला एकशे दोन नंबर बांधून दिला. आता कुणी कुठलंही मशीन कधीही लावलं तरी त्याचा नंबर हलणार नव्हता. तो क्रम पाळायची कुणालाच गरज उरली नव्हती. धैर्यशीलला मी हे समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि क्रम बदलला नाही.

लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा तो प्रिंटर खरोखर बिघडला. ज्याने तो बसवून दिला होता त्याच माणसाला दुरुस्तीला बोलावलं. तो म्हणाला, "मॅडम, आधी याचा नंबर बघू." त्याने त्या हिरव्या दिव्याचंच बटण पाच सेकंद दाबून धरलं. प्रिंटरमधून एक कागद बाहेर आला. त्यावर त्याचा नंबर मोठ्या अक्षरात छापलेला होता.

"हे बटण कधीपासून आहे?" मी विचारलं.

"पहिल्यापासून. ऐनवेळी नंबर सापडला नाही तर हे दाबायचं. बसवला तेव्हा दाखवलं होतं की मी, तुमच्या सुपरवायझर साहेबांना. त्यांनी दोनदा करून बघितलं."

संध्याकाळी घरी आले तर धैर्यशील अंगणात बसून चहा पीत होता. मी पर्स खाली ठेवली नाही, चप्पल काढली नाही. तशीच त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"प्रिंटरचं ते हिरवं बटण तुम्हाला माहीत होतं?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "व्हय," तो म्हणाला.

"मग त्या दिवशी फोनवर सांगायचं नाही? पाच सेकंदांचं काम होतं. सगळ्या ऑफिससमोर, मुलीकडच्या माणसांसमोर एवढं सगळं बोलत बसायची काय गरज होती?"

त्याने कप खाली ठेवला.

"तू बटण कुठं विचारलंस," तो म्हणाला. "तू क्रम विचारलास. दोन वर्षं मी तेवढ्यासाठीच थांबलो होतो."